मार्गशीर्षातले वारे आणि मराठवाड्याचा पाऊस

लातूर, धाराशिव आणि बीड-नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे घर शेतात जाते. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा होते, आणि भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील असे भरपेट जेवण झाले की ज्वारीच्या ताटांकडे बघत मोठ्या माणसांची जी चर्चा सुरू होते, तिच्यात एक विषय हमखास असतो: यंदा थंडी कशी आहे, आणि तिच्यावरून पुढचा पाऊस कसा राहील. ‘थंडी चांगली पडली की पाऊस चांगला’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते कोणी तपासून म्हणत नाही, आणि कोणी खोडूनही काढत नाही.

हा विचार फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भाची लक्षणे सांगितली आहेत. मार्गशीर्षाच्या शुक्ल पक्षापासून आकाशात ‘गर्भ’ धरला जातो आणि १९५ दिवसांनी त्याचा प्रसव होऊन पाऊस पडतो, अशी ती मांडणी आहे. हिशेब करून पाहिला तर १ डिसेंबरला धरलेला गर्भ १४ जूनला, म्हणजे ऐन मृगात येतो. डिसेंबरातल्या एका ढगाचा जूनमधल्या एका सरीशी असा थेट धागा जोडायला भौतिकशास्त्रात आधार नाही; पण हिवाळ्यातल्या हवेचे पुढच्या पावसाळ्याशी काही देणेघेणे असते का, हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, आणि गेली सुमारे दीडशे वर्षे हवामानशास्त्रज्ञ याच प्रश्नाभोवती फिरत आहेत.

उत्तराची सुरुवात थोड्या निराशेनेच करावी लागते, कारण हवेला स्मरणशक्ती नाही. आज वाऱ्याची जी घडी आहे तिच्यावरून दोन आठवड्यांपलीकडचे नेमके हवामान सांगता येत नाही, हे एडवर्ड लॉरेन्झ यांच्या कामानंतर सर्वमान्य झाले आहे. मग सहा महिन्यांपूर्वीचा वारा पावसाला काय सांगणार? तो स्वतः काही सांगत नाही. तो ज्यांच्यावरून वाहतो, ढकलतो किंवा ज्यांना झाकून टाकतो, त्या संथ गोष्टी सांगतात: समुद्राच्या वरच्या थरांत साठलेली उष्णता, डोंगरांवर आणि मैदानांवर साचलेला बर्फ, आणि जमिनीतली ओल. वारा निघून जातो, पण त्याने केलेली साठवण मागे राहते. ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये हा मुद्दा नेटकेपणाने मांडला. उष्ण कटिबंधातला हंगामी पाऊस बऱ्याच अंशी समुद्र आणि जमीन यांच्या अशा संथ स्थितीवर अवलंबून असतो, म्हणून एखाद्या दिवसाचा अंदाज अशक्य असला तरी हंगामाचा कल सांगण्याची आशा बाळगता येते, असे त्यांचे म्हणणे होते. हंगामी अंदाजाचा सारा उद्योग याच आशेवर उभा आहे.

या साठ्यांपैकी आपल्याकडे सर्वांत आधी लक्ष गेले ते बर्फाकडे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला. त्याच्या थोडेच आधी, १८७५ मध्ये, भारतीय हवामान विभाग स्थापन झाला होता आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख होते. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात जास्त बर्फ पडला की पुढे उत्तर-पश्चिम भारतावर कोरडे वारे वाहतात आणि पाऊस मागे पडतो, हे त्यांनी १८८४ मध्ये मांडले आणि १८८६ पासून त्या आधारावर हंगामाचे अंदाज देण्यास सुरुवात केली. उपग्रह आल्यावर १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी साऱ्या युरेशियाच्या बर्फाच्छादनाकडे पाहिले, तेव्हाही तोच उलटा संबंध दिसला: हिवाळ्यात बर्फ जास्त, तर पुढचा मोसमी पाऊस कमी.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. मोसमी वारे चालतात ते जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर, आणि त्यातही सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवर पसरलेले तिबेटचे पठार आणि त्याच्या वरची हवा किती तापते याला मोठे महत्त्व आहे. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परतवून लावतो. जो प्रकाश आत शिरतो तोही आधी बर्फ वितळवण्यात खर्च होतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापले असते. वितळल्यावर जमीन ओलीचिंब राहते आणि पुढची उष्णता तिच्या बाष्पीभवनात जाते. ओले सरपण आधी धुमसते, मग कुठे पेट घेते, तसेच हे आहे. बर्फाचा थर जाड असेल तर एप्रिल-मे महिन्यांत पठार उशिरा तापते आणि मोसमी वाऱ्यांना ओढून घेणारा तापमानातला उतार उशिरा व उथळ तयार होतो.

आता हा बर्फ आणतो कोण? भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यातल्या पश्चिमी वाऱ्यांच्या लाटा. एक लाट पुढे सरकली की तिच्या मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा खाली घसरते आणि ती कधी कधी थेट परभणीपर्यंत पोहोचते. वेळ अमावास्येच्या पंगतीतल्या म्हणीची इथे थोडी पंचाईत होते. विक्षोभ जास्त, तर हिमालयात बर्फ जास्त. आणि त्यांच्या मागून आपल्याकडे थंडीच्या लाटाही जास्त. म्हणजे शास्त्राच्या या एका धाग्याने गेले तर ‘चांगली थंडी’ हे पावसाच्या दृष्टीने काही शुभलक्षण ठरत नाही. अर्थात एका जिल्ह्यातल्या थंडीवरून साऱ्या युरेशियाच्या बर्फाबद्दल काही ठरवणे हेही तितकेच धाडसाचे आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीत किमान तापमान २ अंशांपर्यंत उतरले होते. पुढचा, म्हणजे २०१९ चा मोसमी पाऊस देशात सरासरीच्या ११० टक्के झाला आणि मराठवाडा मात्र सरासरीच्या खालीच राहिला. या एका वर्षात म्हण खरी ठरली असेही म्हणता येईल आणि खोटी ठरली असेही. कोणता आकडा समोर ठेवायचा एवढाच प्रश्न आहे.

बर्फाचा हा संबंध दर दशकात सारखा टिकून राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही हवामान विभाग एप्रिलमधल्या अंदाजात युरेशियाच्या बर्फाचा उल्लेख आजही करतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी हे आच्छादन नेहमीपेक्षा कमी होते आणि दोन्ही पावसाळ्यांत देशाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. बर्फ हे त्यातले एकमेव कारण नव्हते, पण कल त्याच दिशेचा होता.

हिवाळ्यातल्या वाऱ्यांचा दुसरा वारसा उंचावर असतो. सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून वाहणारा पश्चिमी जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, हिवाळ्यात तिबेटच्या पठारापाशी दुभंगतो आणि त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून जाते. ती शाखा तिथे ठाण मांडून आहे तोवर मोसमी व्यवस्था बसत नाही. मेअखेर किंवा जूनमध्ये ती हिमालयाच्या उत्तरेला सरकते, आणि दक्षिण भारतावर त्याहून उंच असा पूर्वेकडून वाहणारा उष्णकटिबंधीय जेट प्रवाह प्रस्थापित होतो, ज्याची ओळख १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम यांनी पटवून दिली. ही अदलाबदल कधी होते यावर मोसमी पावसाचे आगमन बरेचसे अवलंबून असते. हंगामाची एकूण बेरीज मात्र तितकीशी नाही.

याच घराण्यातले एक मोजमाप मराठवाड्याच्या माणसाला खास वाटावे असे आहे. एप्रिल महिन्यात, सुमारे साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवर, ७५ अंश पूर्व रेखांशावर जास्त दाबाच्या पट्ट्याचा कणा कोणत्या अक्षांशावर आहे, हे पाहून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. हा कणा साधारण १५ अंश उत्तरेच्या आसपास असतो; तो उत्तरेकडे सरकलेला असला तर पाऊस चांगला, दक्षिणेकडे रेंगाळला तर कमी, असा तो ठोकताळा होता. ७५ अंशांची ही रेषा पैठणच्या थोडी पश्चिमेकडून, म्हणजे जवळजवळ नाथसागरावरूनच जाते. कणा दक्षिणेला राहिला याचा अर्थ हिवाळ्यातले पश्चिमी वारे अजून माघार घ्यायला तयार नाहीत. काही वर्षे हा निकष उत्तम चालला आणि ऐंशीच्या दशकानंतर त्याचे वजन घटले. हवामानशास्त्रात असे वारंवार घडते, आणि म्हणून कोणी एकाच खुणेवर पाऊस ‘काढून’ देत असेल तर मी त्याच्यापासून जरा लांब राहतो.

खरा मोठा साठा पॅसिफिक महासागरात आहे. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले. मुळात गणितज्ञ असलेल्या या माणसाने दुष्काळाचे पूर्वचिन्ह शोधण्यासाठी साऱ्या जगातल्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्या आकडेमोडीतून पॅसिफिकच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा ‘दक्षिणी दोलना’चा शोध लागला, आणि त्याच ओघात उत्तर अटलांटिकमधले, म्हणजे आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोरेसजवळचा जास्त दाब यांच्यातले, हिवाळ्यात ठळक होणारे दोलनही हाती आले. दक्षिणी दोलन आणि समुद्राच्या पाण्याचे तापणे, म्हणजे एल निनो, या एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत हे मात्र १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवले. पॅसिफिकच्या मध्य-पूर्व भागात पाणी तापले की हवा वर चढण्याची जागा पूर्वेला सरकते, आणि तिची खाली उतरणारी बाजू आपल्या डोक्यावर येऊन ढगांना दाबू पाहते.

एल निनो ऐन भरात येतो तो डिसेंबरच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्यात ‘पॅसिफिकमध्ये एल निनो आहे’ अशी बातमी वाचली की आपल्याकडे लोक पुढच्या पावसाची धास्ती घेतात. इथेच सर्वांत मोठी गल्लत होते. हिवाळ्यात भरात असलेला एल निनो बहुधा उन्हाळ्यापर्यंत ओसरतो आणि पुढचा पावसाळा चांगला जाण्याची शक्यता वाढते. १९८७ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला. त्यामागून आलेल्या १९८८ मध्ये देशात सरासरीच्या ११९ टक्के पाऊस झाला. २००९ मध्ये २२ टक्के तूट, आणि २०१० चा पाऊस सरासरी ओलांडून गेला. २०१५-१६ चा हिवाळा तर अलीकडच्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एकाचा होता, आणि २०१६ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात दणदणीत पाऊस झाला. २०२३-२४ नंतर २०२४ चा अनुभव ताजा आहे.

याची उलट बाजू जास्त जाचक आहे. १९७१-७२ च्या हिवाळ्यात पॅसिफिकमध्ये ला निना (एल निनोच्या उलट, तिथले पाणी थंडावण्याची स्थिती) होता, जो एरवी आपल्याला अनुकूल मानला जातो. आणि १९७२ च्या पावसाळ्याने महाराष्ट्राला काय दाखवले ते सांगायला नको. घराघरांत त्या सालाच्या आठवणी अजून सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामांच्या भाषेत सांगितल्या जातात. २०२२-२३ चा हिवाळाही सलग तिसऱ्या ला निनाचा होता, आणि २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणून हिवाळ्यात पॅसिफिकच्या पृष्ठभागाचे तापमान किती आहे यापेक्षा ते कोणीकडे निघाले आहे, हे विचारले पाहिजे.

ते कोणीकडे निघाले आहे याची खूण पृष्ठभागाच्या खाली असते. ला निनाच्या काळात व्यापारी वारे, म्हणजे विषुववृत्ताजवळचे पूर्वेकडून येणारे वारे, जोरात वाहतात आणि कोमट पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून तिथे त्याचा जाड थर साठवतात. हे वारे महिनोन्‌महिने, ऐन हिवाळ्यातही, काम करत राहतात आणि विषुववृत्ताच्या पट्ट्यात उष्णता भरत जाते. पुढे हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात पश्चिम पॅसिफिकवर काही दिवस उलट दिशेच्या वाऱ्याचे जोरदार झोत आले, की त्या धक्क्याने ही साठलेली उष्णता पाण्याखालून पूर्वेकडे निघते आणि दोनतीन महिन्यांत पेरूच्या बाजूला वर येते. एल निनोनंतर उलट घडते: विषुववृत्ताजवळची उष्णता बाहेर सांडून गेलेली असते आणि पट्टा थंड होण्याच्या तयारीत असतो. म्हणजे ज्या ला निनाने एका पावसाळ्यात आपल्याला हात दिला, त्याचेच वारे पुढच्या एखाद्या एल निनोची बेगमी करून ठेवत असतात. हिवाळ्यातल्या वाऱ्यांचा पुढच्या पावसाळ्याशी संबंध असावा तर तो असा, समुद्राच्या मध्यस्थीने.

भारतीय हवामान विभागाने २००७ पासून वापरलेल्या सांख्यिकी मॉडेलात ही गोष्ट नेमकी उतरली होती. एप्रिलमध्ये दिल्या जाणाऱ्या पहिल्या अंदाजासाठी पाच घटक घेतले जात. विषुववृत्तीय पॅसिफिकमधल्या कोमट पाण्याचा फेब्रुवारी-मार्चमधला साठा हा त्यांतला एक. बाकीचे चारही हिवाळ्यातलेच किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे: ईशान्य पॅसिफिक आणि वायव्य अटलांटिक यांच्या पृष्ठभागाच्या तापमानातला डिसेंबर-जानेवारीतला फरक, वायव्य युरोपच्या जमिनीवरचे जानेवारीतले तापमान, विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागराचे फेब्रुवारीतले तापमान, आणि पूर्व आशियातला फेब्रुवारी-मार्चमधला हवेचा दाब. जानेवारीत युरोपात थंडी किती होती यावरून जूनमध्ये आपल्याकडे काय होईल हे ताडणे वरवर ज्योतिषासारखे वाटते. पण अटलांटिकवरचे पश्चिमी वारे जोरात असले की युरोपात उबदार समुद्री हवा शिरते, ते मंदावले की उत्तरेची थंडी उतरते, आणि त्याच वाऱ्यांच्या स्थितीवर पुढे युरेशियातला बर्फ आणि आपल्याकडे येणारे विक्षोभ अवलंबून असतात. जानेवारीतला युरोप हा त्या साखळीतला एक मोजता येण्याजोगा दुवा, एवढेच. या दुव्याची दिशा सर्व अभ्यासांत सारखी येत नाही, आणि माझ्या मते तो या पाचांतला कच्चाच आहे.

मॉडेल कसे फसते याचाही इतिहास आपल्याकडे आहे. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सोळा घटकांचे मॉडेल वापरात आले. चौदा वर्षे त्याने बरी साथ दिली. २००२ मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात १९ टक्के तूट आली. जुलैत तर देशात नेहमीच्या निम्माच पाऊस झाला. त्यानंतर मॉडेल बदलले गेले, घटक कमी केले गेले, आणि पुढे समुद्र-वातावरण यांची एकत्रित गणिते महासंगणकावर सोडवणाऱ्या पद्धती आल्या.

भारतीय हवामान विभागाचे एकेकाळचे प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. भारतातला मोसमी पाऊस आधीच्या घटनांशी जेवढा जुळतो, त्याहून अधिक तो नंतरच्या घटनांशी जुळतो; म्हणजे आपला पाऊस जगाच्या हवामानाच्या तालावर केवळ नाचत नाही, तो स्वतःही ताल धरतो. त्याला आजच्या काळात जोड मिळाली ती ‘वसंतातल्या अडथळ्या’ची. मार्च ते मे या काळात पॅसिफिकची जुनी घडी विस्कटत असते आणि नवी बसलेली नसते, त्यामुळे त्याआधी केलेले अंदाज या काळात निष्प्रभ होतात. जूनमध्ये केलेला अंदाज फेब्रुवारीतल्या अंदाजापेक्षा फार भरवशाचा असतो याचे कारण हेच. शिवाय हिंदी महासागराचे स्वतःचे दोलन, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला वरखाली होणारा फरक, आहेच. १९९७ मध्ये प्रचंड एल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला आणि २०१९ मध्ये कोरड्या जूननंतर हंगाम भरून निघाला, त्यात या दोलनाचा हात होता. आणि हिवाळ्यात त्याचा अंदाज येणे जवळजवळ अशक्य, कारण ते उन्हाळ्यात जन्मते आणि शरदात भरात येते.

आता मराठवाड्याकडे. देशाची हंगामी सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आणि आपली साधारण ६५. पण फरक केवळ आकड्याचा नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत बसलेल्या या आठ जिल्ह्यांना अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा थेट लाभ थोडाच मिळतो. कोकणात मुसळधार सुरू असताना आपल्याकडे नुसते ढग पळत असतात. आपला भरीव पाऊस येतो तो बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे नेहमीच्या ओडिशा-छत्तीसगड-मध्य प्रदेश या वाटेऐवजी दक्षिणेकडून, तेलंगण-विदर्भाच्या अंगाने सरकतात तेव्हा. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य बाजूला सर्वाधिक पाऊस असतो आणि आपण तिथे सापडलो तर दोन दिवसांत महिन्याची भर पडते. क्षेत्र शे-दोनशे किलोमीटर उत्तरेकडून गेले तर ऑगस्टभर खंड. ही वाट आठ-दहा दिवस आधी कळली तरी खूप झाले. डिसेंबरचा वारा किंवा फेब्रुवारीतला समुद्र तिच्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. म्हणून ‘देशात यंदा १०४ टक्के’ हे वाचून एखाद्या महसूल मंडळातल्या शेतकऱ्याने सोयाबीनच्या बियाण्याचा निर्णय घेणे चूक आहे. पेरणीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा साधा सल्ला पाळावा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये.

हिवाळ्यातले वारे थेट येऊन काय करू शकतात ते मात्र आपण २०१४ मध्ये पाहिले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पश्चिमी वाऱ्यांचा एक खोल द्रोण (कमी दाबाचा लांबट पट्टा) नेहमीपेक्षा फार दक्षिणेला, महाराष्ट्रापर्यंत उतरत राहिला, खालून समुद्राची दमट हवा मिळत गेली, आणि मराठवाड्यात गारांचा खच पडला. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, द्राक्षांच्या बागा गेल्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास तूट आली. या दोन घटना एकामागून एक आल्या एवढेच खरे. एकीने दुसरी घडवली असे म्हणायला आधार नाही, जरी पारावर ते छातीठोकपणे सांगितले जाते.

मग हिवाळी संकेतांचा उपयोग कोणाला? माझे मत असे की तो पेरणाऱ्यापेक्षा पाणी राखणाऱ्याला अधिक आहे. पेरणाऱ्याला तालुका आणि आठवडा हवा असतो, आणि तो या संकेतांत नाही. धरणावर बसलेल्याला मात्र हंगामाचा नुसता कलही पुरतो. २०१५ चे उदाहरण घ्या. त्या वर्षी एप्रिलमध्येच हवामान विभागाने सरासरीच्या ९३ टक्के पावसाचा अंदाज दिला, जूनमध्ये तो ८८ वर आणला, आणि प्रत्यक्षात ८६ टक्के झाला. पॅसिफिकमधला कोमट पाण्याचा साठा फेब्रुवारी-मार्चमध्येच फुगलेला होता. आदला पावसाळा फसल्यामुळे मांजरा धरण आधीच रिते होत आले होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली.

आपल्याकडे सिंचनाचा उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून असा धरला जातो, पण उन्हाळी पाळ्या, म्हणजे कालव्याने पाणी सोडण्याच्या फेऱ्या, किती द्यायच्या हे ऑक्टोबरमध्ये धरणात किती पाणी आहे यावरून ठरते. तेव्हा पुढच्या पावसाळ्याचा विचार कोणाच्या मनात नसतो, आणि तसा तो असून उपयोगही नाही, कारण त्या वेळी पॅसिफिक काहीच विश्वासार्ह सांगत नाही. पण मार्चअखेर कोमट पाण्याच्या साठ्याचे आकडे हाती असतात, युरेशियाचा बर्फ मोजून झालेला असतो आणि एप्रिलच्या मध्यावर विभागाचा पहिला अंदाज येतो. या तिन्ही खुणा एकाच दिशेने वाईट असतील, तर उसाची शेवटची उन्हाळी पाळी मेअखेरचा सुधारित अंदाज येईपर्यंत थांबवून ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. अंदाज चुकेल हे गृहीत धरूनच मी हे म्हणतो. १९५१ ते २०२२ या काळातल्या एल निनो वर्षांपैकी सुमारे चाळीस टक्के वर्षांत देशाचा पाऊस सरासरीइतका किंवा त्याहून जास्त झाला आहे. म्हणजे पाचांतून दोनदा पाळी उगाच रोखली असे होईल, उसाचे वजन घटेल, आणि शेतकरी रास्त बोल लावतील. त्या दोन वर्षांत पाणी धरणातच राहील आणि जुलैत वापरता येईल. उरलेल्या तीन वर्षांत तेच पाणी पुढच्या एप्रिलपर्यंत लातूर, केज, अंबाजोगाई आणि कळंबच्या नळांना पुरवायचे असेल. उसाच्या तुटीची भरपाई आधीच ठरवून ठेवली तर हा व्यवहार दोन्ही बाजूंना झेपण्यासारखा आहे. ती न ठरवता पाळी रोखली तर पाण्याचा प्रश्न बाजूला पडून भांडण कालव्याच्या दारावर येईल, आणि मग मार्चमधले पॅसिफिकचे आकडे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसेल.